वार, खोली आणि वसतिगृह : नांदेड-लातूर परिसरातील विद्यार्थ्याचे परगावचे जीवन

हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळांची संख्या, शिक्षणाचे माध्यम आणि सरकारी धोरण यांचा विचार बहुधा प्रथम केला जातो. तो योग्यच आहे. परंतु खेड्यातील मुलगा शाळेच्या दारापर्यंत पोहोचला कसा आणि तेथे टिकला कसा, ह्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने मिळत नाही. ज्या गावी शाळा असे त्या गावी मुलाने निजावे कोठे आणि जेवावे कोणाकडे, हा प्रश्न आधी सुटावा लागे. ज्या घरांना तो सोडविता आला त्यांची मुले शिकली. ज्यांना आला नाही त्यांची मुले शेतावर परतली. नांदेड व लातूर ह्या दोन गावांच्या परिसरापुरता हा प्रश्न तपासला, तरी मराठवाड्यातील शिक्षण कोणत्या थरांत पसरले आणि कोणत्या थरांपाशी अडले, याचा बराच उलगडा होतो.

संस्थानी राजवटीत मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद असे पाच जिल्हे होते. नांदेड हे जिल्ह्याचे ठाणे होते. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे व मोठी पेठ म्हणून ओळखले जाई. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. नांदेडावरून मनमाड-हैदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग जात होता, तर लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ येऊन पोहोचला. ह्या दोन मार्गांनी त्या त्या भागातील विद्यार्थ्यांची दिशा पुष्कळ अंशी ठरविली. नांदेडकडील मुलगा पुढील शिक्षणासाठी हैदराबादेस किंवा औरंगाबादेस जाई. लातूरकडील मुलाला बार्शी-कुर्डुवाडीवरून सोलापूर-पुण्याकडे, म्हणजे ब्रिटिश मुलखात जाण्याची वाटही मोकळी होती. मात्र त्या वाटेवर नाणे बदलत असे. सात हाली रुपयांना सुमारे सहा कलदार मिळत. त्यामुळे घरून आलेल्या सात रुपयांचे हद्दीपलीकडे सहाच होत.

शाळांची उतरंड तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया अशी, म्हणजे प्राथमिक, माध्यमिक व उच्च अशी होती. खालच्या वर्गांत मराठी चाले. वरच्या वर्गांत उर्दू हेच माध्यम असे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम पदवीपर्यंत नेले. औरंगाबादेस १९२३ साली इंटरमिजिएट कॉलेज निघाले. पदवीसाठी मात्र हैदराबादच गाठावे लागे. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे, आणि ती सहजासहजी मिळत नसे. परिणामी बहुतेक खेड्यांतील मुलास शिक्षणाची एक पायरी चढणे म्हणजे एक गाव सोडणे होते. दहा-बारा वर्षांचे वय, पत्र्याची पेटी, वळकटी, एक तांब्या आणि कंदील एवढ्या सामानावर हे स्थलांतर घडे.

मुलाची सोय लावण्याचे मार्ग मुख्यतः तीन होते. पहिला नातलगांच्या घराचा. मामा, आत्या किंवा थोरली बहीण तालुक्याच्या गावी असली की मुलाचे शिक्षण जवळजवळ निश्चित होई. कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) महाविद्यालयीन शिक्षणासाठी हैदराबादेस मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या आश्रयाला राहिले, हे ह्या प्रकाराचे सुपरिचित उदाहरण होय. त्या घरात विद्यार्थ्याला अन्नाबरोबर ग्रंथ आणि विद्वानांचा सहवासही लाभला. पण असे भाग्य थोड्यांचे. एरवी नातलगाकडे राहणाऱ्या मुलास घरातील पाणी भरणे, दळण आणणे, लहान भावंडे सांभाळणे ही कामे उरकूनच पुस्तक हाती घेता येई.

दुसरा मार्ग वाराचा. आठवड्याचे सात वार सात घरी वाटून घ्यावयाचे आणि ज्या घरी जो वार असेल तेथे त्या दिवशी जेवावयाचे, अशी ही पद्धत होती. मधुकरीहून ती निराळी. मधुकरीत विद्यार्थी झोळी घेऊन अनेक घरचे शिजलेले अन्न थोडे थोडे गोळा करी. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने (स्थापना १९०९) त्याच प्रथेला संस्थेचे रूप दिले. वार लावलेला मुलगा मात्र एका घरी पानावर बसे. त्याचा दिवस घड्याळापेक्षा यजमानांच्या स्वयंपाकावर चाले. नांदेडास पहाटे गोदावरीच्या घाटावर स्नान, त्यानंतर अभ्यास, मग वाराचे घर आणि तेथून शाळा, असा क्रम असे. यजमानांकडे उशीर झाला तर हजेरी चुके. वेळ साधावी तर उपाशी बसावे लागे. त्या घरी सुतक आले किंवा मंडळी परगावी गेली म्हणजे वार बुडे, आणि त्या दिवशी फुटाणे व पाणी यांवर भागे. संस्थानात साप्ताहिक सुटी शुक्रवारची. शाळा बंद असली तरी शुक्रवारचा वार बंद नसे.

ह्या पद्धतीतील औदार्य नाकारता येत नाही. स्वतःच्या घरी बेताचेच असूनही परक्या मुलास वर्षानुवर्षे पान वाढणाऱ्या गृहिणींच्या बळावर कित्येक शिक्षक व वकील घडले. तथापि त्या औदार्याला जातीचे कुंपण होते. वार मुख्यतः ब्राह्मण घरांत व ब्राह्मण मुलांनाच मिळे. पंगत सोवळ्याची असे. शिवाय जेवणाऱ्या मुलाच्या मनात उपकाराचे ओझे राही. दुसऱ्यांदा आमटी मागावी की नाही, हा त्याच्यापुरता मोठाच प्रश्न होता.

तिसरा मार्ग खोली करून राहण्याचा. ज्यांना वार मिळणे शक्य नव्हते, पण घरी जमीन होती, अशा शेतकरी व व्यापारी घरांतील मुलांचा हा मार्ग. एका गावची चार-पाच मुले एखाद्या वाड्यातील अंधारी खोली भाड्याने घेत आणि पाळीने स्वयंपाक करीत. ज्वारी, डाळ, मिरची घरून येई. आठवडी बाजारास येणारी गावची गाडी ही त्यांची खरी बँक होती. भाकरी व शेंगदाण्याची चटणी किंवा अंबाडीची भाजी हा नित्याचा बेत. पाळी चुकविण्यावरून भांडणे होत, आणि परीक्षा जवळ आली की चूल पेटवावी की पुस्तक उघडावे असा पेच पडे. पाऊसपाणी न झाल्यास गाडीतील पोते हलके होई. दुष्काळाच्या वर्षी मुलाची शाळा सुटण्याचे कारण बहुधा हेच असे.

राष्ट्रीय शाळांनी ह्या तिन्ही मार्गांना पर्याय उभा केला. लातूरच्या दक्षिणेस हिप्परगा येथे १९२१ साली व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. १९३० साली त्यांनी संन्यास घेतला तोही तेथेच. १९३५ साली ते व बाबासाहेब परांजपे मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, योगेश्वरी विद्यालयात गेले. अशा शाळांत मुले व शिक्षक एकत्र राहत. येथे मुलगा कोणाच्या घरचा आश्रित नव्हता, तर एका संस्थेचा घटक होता. जेवणाचे ऋण एका यजमानाकडून संस्थेकडे आणि संस्थेकडून समाजाकडे वळले. ह्या पिढीतील अनेकांनी पुढे मुक्तिसंग्रामात उडी घेतली, त्यामागे ह्या सहवासाचा वाटा होता असे म्हणावयास हरकत नाही.

वसतिगृहाचे हे सामर्थ्य १९३८ साली (फसली सन १३४८) उघड झाले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि पाठोपाठ हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. शेकडोंना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडल्यामुळे त्यांतील पुष्कळांचे शिक्षण वाचले. वाराने जेवणारी मुले गावभर विखुरलेली असत; वसतिगृहातील मुले एका छपराखाली होती. सामुदायिक प्रतिकार प्रथम तेथेच उभा राहावा, हे ह्या फरकाशी सुसंगत आहे.

तरीही ह्या सर्व मार्गांच्या बाहेर दोन मोठे वर्ग राहिले. मुलीला परगावी ठेवण्याची कल्पनाच बहुतेक घरांना मान्य नव्हती. तिचे शिक्षण गावातील शाळा संपली की संपे. दलित मुलास वार मिळणे अशक्य होते आणि सवर्णांच्या वाड्यात खोली मिळणेही दुरापास्त होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली, आणि साताऱ्यास भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविले. तसा व्यापक प्रयत्न संस्थानी मराठवाड्यात झाला नाही. १९५१ च्या शिरगणतीतही हैदराबाद राज्यात साक्षरांचे प्रमाण शेकडा दहाच्या आत होते, याचे एक कारण येथे शोधता येते.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटू लागले. १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेस जे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. नागसेनवनातील वसतिगृहांमुळे, ज्याला गावात कोणी खोली देत नव्हते अशा विद्यार्थ्यास प्रथमच हक्काची जागा मिळाली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६१ साली लातूरला दयानंद महाविद्यालय सुरू झाले. १९५९ पासून अल्प उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फीची सवलत मिळू लागली. पण फी माफ झाली तरी भाकरी माफ झाली नव्हती. खेड्यातून सकाळच्या एसटीने येणारा डबा हा पुढे कित्येक वर्षे तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाचा आधार राहिला. जुन्या बाजाराच्या गाडीचेच ते नवे रूप होते.

आज लातूर व नांदेड ही गावे मुले बाहेर पाठविणारी राहिली नसून महाराष्ट्रभरच्या विद्यार्थ्यांना ओढून घेणारी झाली आहेत. वाराची जागा मेसने आणि वाड्यातील खोलीची जागा खाजगी वसतिगृहाने घेतली आहे. जातीचे कुंपण पुष्कळ ढासळले, पण पैशाचे राहिले. पोते हलके झाले की शाळा सुटे, तसे आज मेसचे पैसे थकले की शिक्षण डळमळते. मराठवाड्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हणून शाळेच्या हजेरीपटाबरोबर चुलीचा हिशेबही पाहिला पाहिजे. कोणत्या काळी कोणाच्या मुलांसाठी कोणी पान मांडले, याच्या नोंदीवरून त्या काळाच्या शिक्षणाची खरी व्याप्ती कळून येते.