बखरीला कीर्तने भेटले, नागरिकशास्त्राला कोण?

महाराष्ट्रात माध्यमिक शाळेत गेलेल्या कोणालाही ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ या जोडनावाचे पुस्तक ठाऊक असते. मुखपृष्ठ एक आणि संसार दोन, असा त्याचा प्रकार. पहिल्या भागात राजे, लढाया, तह आणि बलिदाने येतात. वर्गात त्यावर गोष्टी रंगतात, मोठी माणसे त्यातल्या एकेका वाक्यावरून भांडतात. दुसऱ्या भागात सरपंच, सभापती, विधानसभा, राज्यसभा. मुले तो परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतात आणि त्यावर सहसा कोणी भांडत नाही. राज्यकारभार हा विषयच मुळात कोरडा, असे त्याचे कारण सांगितले जाते. ते मला पटत नाही. हा कोरडेपणा विषयाचा नाही, पुस्तकांच्या जन्मकथेचा आहे. मराठी माणसाने एकोणिसाव्या शतकात इतिहासाचे पुस्तक राज्यकर्त्यांच्या हातून सोडवून घेतले. नागरिकशास्त्रासाठी तसा झगडा झाला नाही, आणि म्हणून ते मनाने आजही सरकारी राहिले आहे.

आधी इतिहासाचे पाहू. पेशवाई बुडाल्यानंतर साताऱ्याला पोलिटिकल एजंट असलेल्या जेम्स ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या काही वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपन याच्या नावावर त्याचे मराठी भाषांतर, म्हणजे मराठ्यांची बखर, निघाले. नव्या शाळांतली मुले आपल्याच आजोबा-पणजोबांची हकीकत जिंकणाऱ्याच्या लेखणीतून वाचू लागली. बाळशास्त्री जांभेकरांनीही मुलांसाठी हिंदुस्थानचा आणि इंग्लंडचा इतिहास मराठीत आणला, पण त्या काळच्या शालेय इतिहासाची चौकट इंग्रजीच होती. तिला पहिला मोठा धक्का दिला तो नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी. १८६७ साली, विशी नुकतीच ओलांडलेल्या या विद्यार्थ्याने पुण्यातल्या तरुणांच्या सभेत डफच्या बखरीवर टीका वाचली. साधने कोणती, ती नीट तपासली का, कार्यकारणभाव कुठे आहे, असे त्याचे सवाल होते. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून दुसऱ्या बाजूने तोच प्रश्न विचारला: हा राजा कोणाचा, आणि त्याची गोष्ट सांगण्याचा अधिकार कोणाचा? १८७४ साली सुरू झालेल्या निबंधमालेत चिपळूणकरांनी इतिहासलेखनाचा विषय हाती घेतला. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या रानात अचानक पेटलेला वणवा, अशी डफची कल्पना होती. १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी ती खोडून काढून त्या उदयामागे संतांनी घडवलेले सामाजिक मंथन दाखवले.

हे वाद मोठ्यांचे होते, पण त्यांचे पाणी मुलांच्या पुस्तकांपर्यंत पोचले. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक काढले आणि मुलांना चरित्रांची गोडी लावली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राजपुत्रांना शिकवताना गोविंद सखाराम सरदेसायांनी जी टिपणे काढली, त्यांतूनच पुढे ‘रियासत’ उभी राहिली. मुलांना शिकवण्याची गरज आणि इतिहासाचा पुन्हा शोध ही दोन कामे त्या काळात हातात हात घालून चालली. म्हणून आजचे इतिहासाचे पुस्तक, चांगले असो वा वाईट, कोणाला तरी दिलेले उत्तर आहे. त्यात धग आहे ती त्यामुळे.

नागरिकशास्त्राची कथा वेगळी. मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सनदी नोकरी केलेले आणि काही काळ कोल्हापूरला पोलिटिकल एजंट असलेले विल्यम ली-वॉर्नर यांनी हिंदुस्थानातल्या शाळांसाठी ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे पुस्तक लिहिले. ते १८९७ साली निघाले. त्याची मांडणी गावापासून सुरू होते, मग शहर, जिल्हा, प्रांत, संस्थाने आणि शेवटी सगळा देश. त्यानंतर शांतता, सार्वजनिक आरोग्य, कर. सरकार काय काय करते आणि प्रजेने त्याची जाण कशी ठेवावी, हा त्याचा सूर. आता हे साल नीट पाहा. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता, जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, आणि १५ जूनच्या ‘केसरी’त शिवजयंतीच्या उत्सवानिमित्त आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. म्हणजे शिवाजीच्या इतिहासावर बोलणे हा राजद्रोह ठरत होता आणि सरकारची ओळख करून घेणे हा अभ्यासक्रम ठरत होता. मराठी मनाने यांतला पहिला धडा उचलला आणि दुसरा पाठ केला. डफच्या बखरीचे वाभाडे काढणारे कीर्तने आपल्याला मिळाले. ली-वॉर्नरच्या मांडणीला तसे जाहीर आणि चिवट उत्तर मराठीत उभे राहिले नाही.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले? १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली. १९७० साली चौथीचे ‘शिवछत्रपती’ आले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाढल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बदलण्याचा विचार निघाला तेव्हा इतका विरोध झाला की पुस्तक कायम राहिले. लहान मुलांच्या पुस्तकासाठी एवढे लोक उभे राहतात, ही त्या पुस्तकाची ताकदच म्हटली पाहिजे. नागरिकशास्त्रात प्रजेच्या जागी नागरिक आला, राणीच्या जागी राज्यघटना आली, आणि हा बदल लहान नाही. सांगाडा मात्र ओळखीचा राहिला. सध्याच्या मालिकेत सहावीला ग्रामीण व शहरी स्थानिक शासन आणि जिल्हा प्रशासन, सातवीला संविधान, आठवीला संसद आणि राज्यशासन. गावापासून देशापर्यंतची तीच चढण. गावापासून सुरुवात करण्यात वावगे काही नाही, मूल तिथेच राहते. खटकते ते हे की प्रत्येक पायरीवर संस्थेची रचना सांगितली जाते, पण ती कोणी मागितली, कोणी नाकारली आणि कशी मिळाली हे फारसे येत नाही.

ग्रामपंचायतीचाच धडा घ्या. सदस्य किमान सात, कमाल सतरा. सरपंच, ग्रामसेवक, ग्रामसभा. मुलाने हे पाठ केले की गुण मिळतात. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना डॉ. आंबेडकरांनी गाव हा घटनेचा पाया मानायला स्पष्ट नकार दिला होता. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे ते घर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर सभागृहात नाराजी उमटली, आणि त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने पंचायतींचे कलम घटनेत आले, तेच आजचे कलम ४०. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा पंचायतींना घटनेचे बळ मिळाले. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. हे सारे एका धड्यात बसते, आणि त्यात बखरीइतकेच नाट्य आहे. गावावर विश्वास ठेवावा की नाही, हा वाद अकरा-बारा वर्षांच्या मुलाला नक्की कळतो, कारण गावात पाणवठा कोणाचा आणि देवळात कोण जातो हे त्याने पाहिलेले असते.

यावर पहिला आक्षेप असा की लहान वयात वीरपुरुष हवेत, कायदेकानू नकोत. वीरपुरुष जरूर हवेत. पण शिवाजी महाराजांचा कारभार हा त्यांच्या पराक्रमापेक्षा कमी रंजक आहे, हे कोणी ठरवले? चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेले त्यांचे प्रसिद्ध पत्र पाहा. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणा-वैरण आताच उधळलेत तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, लाकूडफाटा, भाजी उचलू लागतील, आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. त्याच पत्रात अशीही ताकीद आहे की रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. मुलाच्या डोळ्यांपुढे उंदीर उभा राहतो आणि त्यामागून राज्य म्हणजे काय हेही. १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात बैल नसलेल्या कुणब्याला बैलासाठी पैसा द्या, आणि व्याज न लावता मुद्दल हळूहळू वसूल करा, असे सांगितले आहे. याला इतिहास म्हणायचे की नागरिकशास्त्र? ‘शिवछत्रपती’त स्वराज्याच्या व्यवस्थापनावर पाठ आहेत, पण ते लढाया आणि राज्याभिषेक झाल्यावर, पुस्तकाच्या अखेरीस येतात. तोवर वर्गाचा उत्साह सरलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नागरिकशास्त्रात वाद आणलात तर त्यावरही दंगे होतील, त्यापेक्षा रचना सांगून थांबलेले बरे. याला २०१२ चा दाखला आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नुसार एनसीईआरटीने राज्यशास्त्राची पुस्तके बदलली, त्यांत व्यंगचित्रे आणि वाद आले. अकरावीच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. गोगलगायीवर बसलेल्या आंबेडकरांच्या मागे चाबूक घेतलेले नेहरू, हे चित्र पाहून दलित विद्यार्थ्याच्या मनाला लागले असेल, तर ती तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कोणते चित्र कोणत्या वयात द्यावे, हा प्रश्न खराच आहे. पण त्यावरून वादच नको असा निष्कर्ष निघत नाही. इतिहासाच्या पुस्तकावर याहून कितीतरी जास्त वाद झाले, तरी इतिहास शिकवणे आपण थांबवले नाही. शिवाय वाद टाळलेला धडा तटस्थ नसतो. ज्या संस्थेचा जन्म मुलाला सांगितला जात नाही, ती त्याला पावसासारखी आपोआप येणारी वाटते, आणि अशा गोष्टीला कोणी जाब विचारत नाही. ली-वॉर्नरला हेच हवे होते.

तिसरे म्हणणे असे की हे सगळे पुढे येतेच, दहावीच्या राज्यशास्त्रात चळवळी आणि लोकशाहीपुढची आव्हाने आहेतच. आहेत, आणि तो बदल स्वागतार्ह आहे. पण सहावी ते आठवी मुलाने सरकार म्हणजे पदांची यादी असे धरून चालायचे आणि दहावीत एकाएकी नागरिक व्हायचे, हे फार उशिराचे आहे. ज्या तीन वर्षांत जोड्या लावायची सवय लागते, त्याच वर्षांत प्रश्न विचारायची सवय लागायला हवी.

त्यासाठी अभ्यासक्रम पाडून नवा बांधायची गरज नाही, स्वाध्यायातला एक प्रश्न बदलला तरी सुरुवात होते. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंच थेट लोकांमधून निवडायचे ठरले, २०२० साली तो कायदा मागे घेतला गेला आणि २०२२ साली पुन्हा आला. ‘सरपंचाची निवड कशी होते ते लिहा’ याऐवजी ‘सरपंच गावाने निवडावा की सदस्यांनी? दोन्ही बाजूंची कारणे द्या आणि तुमचे मत सांगा’ असे विचारा. उत्तरपत्रिका तपासायला शिक्षकाला थोडा जास्त वेळ लागेल. आणि ग्रामसभेत पहिल्यांदा उभे राहून बोलताना त्या मुलाला थोडा कमी.