पाताळपाणी–कालाकुंड घाटमार्ग

पाताळपाणी–कालाकुंड घाटमार्ग : खंडवा–इंदूर या मूळच्या होळकर संस्थानी मीटरमापी लोहमार्गाचा विंध्य पर्वत चढणारा टप्पा. लांबी सुमारे साडेनऊ किलोमीटर. चढ चाळिसास एक, म्हणजे चाळीस फूट पुढे गेल्यावर एक फूट उंची.

भुसावळ–खंडवा हा रुंदमापी मार्ग बऱ्हाणपूर, असीरगड, नेपानगर असा सातपुड्यातील ज्या पुरातन खिंडीतून जातो, तिच्यातून शतकानुशतके उत्तर-दक्षिणेच्या फौजा आणि व्यापाऱ्यांचे तांडे आले-गेले. वाट निसर्गानेच मोकळी ठेवल्यामुळे तेथे अभियंत्यांना सह्याद्रीसारखा बिकट घाट बांधावा लागला नाही. परंतु खंडव्याहून फाटा घेऊन माळव्यात शिरू पाहणाऱ्यास नर्मदा ओलांडताच विंध्याचा कडा सामोरा येतो, आणि तेथे अशी खिंड नाही.

उभ्या चढावर गाडी नेण्याचे दोन उपाय एकोणिसाव्या शतकात उपलब्ध होते. पहिला दातेरी रुळाचा. दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी बसवावयाची आणि एंजिनाखालील दंतचक्र तीत गुंतवून गाडी वर ओढावयाची, ही युक्ती अमेरिकेत मौंट वॉशिंग्टनवर 1869 मध्ये व स्वित्झर्लंडमध्ये रिगी पर्वतावर 1871 मध्ये यशस्वी झाली. पुढे आब्ट या स्विस अभियंत्याने दोन पट्ट्या शेजारी-शेजारी अशा बसविल्या की, एकीचा दाता दुसरीच्या खाचेसमोर यावा. त्यामुळे चक्राची पकड क्षणभरही सुटत नाही. हीच रचना निलगिरी मार्गावर कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात असून तेथे चढ सुमारे बारास एक आहे. हा मार्ग 1899 मध्ये कुन्नूरपर्यंत आणि 1908 मध्ये उटकमंडपर्यंत खुला झाला. भारतातील दातेरी रुळाचा मार्ग एवढा एकच. दुसरा उपाय चाकांच्या स्वाभाविक घर्षणावर विसंबण्याचा. बोरघाट व थळघाट येथील सदतिसास एकचा चढ याच रीतीने साधला, आणि 1907 सालच्या नेरळ–माथेरान मार्गाने तर विसास एक एवढा चढही दात्यांवाचून पार केला. पाताळपाणी याच दुसऱ्या कुळातले होय.

या मार्गाचा उगम इंदूर दरबाराच्या खजिन्यात आहे. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारास एक कोट रुपयांचे कर्ज देऊ केले. व्याज दरसाल साडेचार टक्के, मुदत एकशे एक वर्षांची. संस्थानिकाने सार्वभौम सत्तेस कर्ज द्यावे आणि त्या रकमेतून आपल्या राजधानीपर्यंत रूळ आणवावेत, हा व्यवहार दूरदृष्टीचा होता, आणि इंदूरच्या पुढील व्यापारी भरभराटीचे श्रेय सांगताना त्याचा उल्लेख अग्रक्रमाने व्हावयास हवा. लॉर्ड मेयो यांच्या काळातील काटकसरीच्या धोरणानुसार माप मीटरचे ठरले. परिणामी मुंबईकडील माल खंडव्यास एका डब्यातून दुसऱ्यात भरण्याची दगदग पुढील कित्येक पिढ्यांच्या वाट्यास आली. खंडवा–सनावद हा पहिला भाग 1 डिसेंबर 1874 रोजी मालवाहतुकीस खुला झाला, 1876 च्या ऑक्टोबरात नर्मदेवरील चौदा गाळ्यांच्या पुलाचे उद्घाटन स्वतः महाराजांनी केले, आणि चार बोगदे, खोल कापण्या व उंच संरक्षक भिंती बांधून घाटाचे काम पुरे झाल्यावर 1878 च्या आरंभापर्यंत गाडी थेट इंदुरास जाऊ लागली. पुढे शिंद्यांच्या कर्जातून झालेल्या निमच मार्गासह तो राजपुताना–माळवा रेल्वेत विलीन झाला.

घाटाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या चालविण्यात होते. कालाकुंड हे पायथ्याचे स्थानक. वर जाणाऱ्या गाडीस येथे मागून दुसरे एंजिन, रेल्वेच्या बोलीत ‘बँकर’, जोडीत. पुढचे ओढी, मागचे रेटी. आणि जोडणी कोठे तुटलीच तर मागे घसरणाऱ्या डब्यांना तेच थोपवी. पावसाळ्यात ओल्या रुळावर चाक जागीच फिरू लागे, तेव्हा त्यावर वाळू सोडावी लागे. बँकर जोडण्याच्या त्या सक्तीच्या मुक्कामात उतारू पळसाच्या पानात बांधून मिळणारा तेथील कलाकंद घेत. त्याची ख्याती माळवा-निमाडात आजही आहे. माथ्यावर पाताळपाणीस चोरल नदी खोल दरीत कोसळते. तेथेच रुळालगत, 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपुरास फाशी गेलेल्या तंट्या भिल्लाचे स्थान आहे. त्याचा देह येथे आणून टाकला, अशी निमाडातील भिल्लांची श्रद्धा असून, येणारी-जाणारी गाडी त्याच्या मानार्थ क्षणभर थांबविण्याचा प्रघात चालकांनी निष्ठेने पाळला.

रुंदमापी रूपांतराच्या योजनेत हा चढ अवजड गाड्यांस परवडणारा नसल्याने डोंगरातून नवी, अधिक लांबीची व सौम्य चढाची आखणी करण्यात आली. जुन्या मार्गावरील नियमित वाहतूक 2023 मध्ये थांबली. मात्र घाटाच्या टप्प्यावर डिसेंबर 2018 पासून पर्यटकांसाठी वारसागाडी सुरू करण्यात आली आहे. बोगदे व भिंती नुसत्या उभ्या ठेवून घाट जतन होत नाही. त्यासाठी हा टप्पा चालता राहिला पाहिजे, आणि त्याची व्यवस्था रेल्वे प्रशासनाने कायमस्वरूपी करावी.