रायगड किनारा आणि प्राचीन काळातील द्राक्षमद्य

द्राक्षांपासून मद्य तयार करण्याची कला मानवास सुमारे आठ हजार वर्षांपासून अवगत आहे. जॉर्जियातील गडाच्रिली गोरा व शुलावेरिस गोरा या नवाश्मयुगीन वसाहतींमधील मृद्भांडांत टार्टारिक आम्लाचे अंश आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा काळ इ.स.पू. ६००० च्या सुमाराचा मानला जातो. आर्मेनियातील अरेनी गुहेत द्राक्षे तुडविण्याचा हौद व रस आंबविण्याचे रांजण मिळाले, तर इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यातील कुंभांवर राजवर्ष, मळा व मद्यकाराचे नाव यांची नोंद आढळते.

भारतात द्राक्षमद्य प्रामुख्याने वायव्येकडून परिचित झाले. पाणिनीच्या सूत्रात कापिशी नगरीचा निर्देश आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष प्रकरणात द्राक्षरसापासून केलेल्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून त्याच्या प्रकारांना कापिशायन व हारहूरक ही प्रदेशावरून पडलेली नावे दिली आहेत. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय हे अन्य प्रकार मात्र धान्य, गूळ व फळे यांपासून होत.

कोकण किनाऱ्यास द्राक्षमद्य समुद्रमार्गे पोहोचले. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये बॅरिगाझा, म्हणजे भडोच, येथील आयातीत इटालियन, लाओडिकियाचे व अरबी मद्य नमूद आहे. त्याच ग्रंथात सेमिल्ला (चौल) व मंदगोरा यांची नावे येतात. मंदगोरा म्हणजे कुडे लेण्यांजवळील मांदाड असे अनेक अभ्यासक मानतात. मात्र या दोन बंदरांच्या संदर्भात मद्याचा स्वतंत्र उल्लेख नाही, ही बाब अध्यापनात बऱ्याचदा निसटते. शिवाय कल्याण बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही हा ग्रंथ सांगतो. तेव्हा या किनाऱ्यावर आलेले मद्य दुसऱ्या हातून आलेले असण्याची शक्यता दुर्लक्षिता येत नाही.

पुरातत्त्वीय पुराव्याचा विचार करता घारापुरी बेटाचे महत्त्व मोठे आहे. येथे मद्यकुंभांचे तुकडे विपुल प्रमाणात मिळाले आणि देशावर नेवासे, तेर, जुन्नर येथील तुकड्यांप्रमाणेच त्यांना सरसकट ‘रोमन’ संबोधले गेले. रॉबर्टा टोम्बर यांनी २००७ मध्ये या समजुतीस धक्का दिला. भारतात रोमन म्हणून नोंदलेल्या तुकड्यांपैकी बरेच तुकडे मेसोपोटेमियातील ‘टॉर्पेडो’ कुंभांचे आहेत, असे त्यांनी दाखविले. दोहोंतील भेद खापर हाती घेतल्यावर लक्षात येतो. भूमध्य प्रदेशातील कुंभास दोन कान असतात व आतून राळेचा लेप असतो. कॅम्पानियातील कुंभांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू दिसते. टॉर्पेडो कुंभास कान नसतात आणि आतील बाजूस काळ्या डांबराचा थर असतो. हे कुंभ मुख्यतः ससानी व आरंभीच्या इस्लामी काळात प्रचारात होते. साहजिकच घारापुरीचा व्यापार केवळ रोमशी जोडता येत नाही. इराणी आखाताशी असलेले संबंध रोमन व्यापार ओसरल्यानंतरही कित्येक शतके चालू राहिले. जुन्या उत्खनन अहवालांतील ‘रोमन’ ही नोंद म्हणूनच खापर पुन्हा तपासल्याशिवाय उद्धृत करणे धोक्याचे आहे. पाठ्यपुस्तकांतून ती अजूनही तशीच उतरविली जाते, हे खेदजनक होय.

आयात मद्याच्या या चर्चेत स्थानिक पेय झाकोळून जाते. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर द्राक्षवेल तग धरीत नाही. येथील मद्य म्हणजे माडाची माडी व ताडाची ताडी. भंडारी समाजाने हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. माडाची पोय छेदून मडक्यात उतरविलेला रस काही तासांतच आपोआप आंबू लागतो. त्यास तुडविण्याचा हौद लागत नाही, साठवणीचे रांजण लागत नाहीत, आणि तो फार काळ टिकत नसल्याने दूरच्या व्यापारातही शिरत नाही. रोमन कुंभाची मूठ वा डांबराचा थर उत्खननात चटकन ओळखू येतो. माडीचे मडके मात्र घरातील पाण्याच्या मडक्याहून वेगळे नसते आणि रासायनिक परीक्षण न झाल्यास साध्या लाल खापरांच्या ढिगात मोजले जाते.