पडद्याची निवड : काचेच्या नळीपासून द्रवस्फटिकापर्यंत

यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या बाजारात संगणकावरचे खेळ खेळण्यासाठी मॉनिटर घ्यायला गेलेल्या विद्यार्थ्याला खोक्यावर टीएन, आयपीएस, व्हीए, ओएलईडी अशी अक्षरे दिसतात. दुकानदार किंमत सांगतो. अक्षरांचा अर्थ सांगतोच असे नाही. मग हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांपुढे येतो : ‘सर, यातला सर्वांत चांगला कोणता?’ त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात जेवढे आहे तेवढेच इतिहासातही आहे. यांतला प्रत्येक पडदा आधीच्या पडद्याचा एखादा दोष काढण्यासाठी तयार झाला आणि येताना स्वतःचा एक दोष घेऊन आला.

सुरुवात काचेच्या नळीपासून करू. 1897 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत वळवून तो फॉस्फरच्या लेपावर पाडला. झोत पडला की ठिपका चमकतो, हटला की लगेच विझतो. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी 1958 मध्ये पाहुण्यांच्या करमणुकीसाठी टेनिसचा खेळ रचला, तो अशाच नळीवर, ऑसिलोस्कोपच्या छोट्या पडद्यावर. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, 1982 मध्ये रंगीत प्रसारण आले. हे सारे आपण नळीवरच पाहिले. वेगाच्या बाबतीत नळीला तोड नव्हती. पण पडदा मोठा करायचा तर नळीची खोली आणि काचेची जाडीही वाढवावी लागे. मोठा संच उचलायला दोन माणसे लागत.

द्रवस्फटिकाची कथा याहून जुनी आहे. 1888 मध्ये प्राग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनित्झर गाजरापासून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचा अभ्यास करीत होते. त्यांना त्या पदार्थाचे दोन ‘वितळणबिंदू’ आढळले. 145.5 अंश सेल्सिअसला स्थायू वितळून गढूळ द्रव झाला आणि 178.5 अंशांना तो गढूळपणा गेला. मधल्या अवस्थेत पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे लांबट रेणू स्फटिकातल्याप्रमाणे शिस्तीत, एका दिशेने राहतात. हाच द्रवस्फटिक.

सुमारे 80 वर्षे ही केवळ प्रयोगशाळेतील नवलाई राहिली. 1968 मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रवस्फटिकाचा पडदा जगाला दाखवला. 1970 मध्ये स्वित्झर्लंडमधील मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी पीळ दिलेल्या रेणूंची रचना शोधली. तीच टीएन. दोन काचांमधील काही मायक्रोमीटरच्या फटीत रेणूंच्या रांगेला 90 अंशांचा पीळ असतो. ध्रुवित प्रकाश त्या पिळाबरोबर वळतो आणि दुसऱ्या ध्रुवक पट्टीतून बाहेर पडतो. विद्युतदाब दिला की रेणू उभे राहतात, पीळ मोडतो आणि प्रकाश अडतो.

रचना उत्तम होती, पण टिकाऊ पदार्थ कुठे होता? इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने सायनोबायफिनाइल ही संयुगे बनवली आणि 1973 मध्ये ती जाहीर केली. त्यांतील प्रसिद्ध संयुग सुमारे 24 ते 35 अंशांच्या दरम्यानच द्रवस्फटिक असते. आता यवतमाळचा मे महिना आठवा. पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. ते एकच संयुग वापरलेला पडदा आपल्याकडे दुपारी साधा द्रव झाला असता, आणि जानेवारीच्या पहाटे गोठायला लागला असता! उपाय मिश्रणात सापडला. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो तेव्हा बर्फाचा वितळणबिंदू उतरतो. त्याच तत्त्वाने चार संयुगे ठरावीक प्रमाणात मिसळून पीटर रेन्स यांनी उणे 10 पासून सुमारे 60 अंशांपर्यंत चालणारे मिश्रण तयार केले. घड्याळे आणि कॅल्क्युलेटर जगभर पोचले ते यानंतर.

टीएन स्वस्त आणि चपळ असतो. पण उभे राहणारे रेणू प्रत्येक बाजूने सारखे दिसत नाहीत, म्हणून खालून किंवा कडेने पाहिल्यास रंग बिघडतात. हा दोष काढण्यासाठी रेणू उभे न करता काचेच्या पातळीतच फिरवण्याची आयपीएस रचना पुढे आली. हिताची कंपनीने 1996 मध्ये तिचे पडदे बाजारात आणले. रंग सर्व बाजूंनी खरे दिसू लागले, पण काळा रंग करडा दिसे आणि सुरुवातीचे पडदे संथही होते. फुजित्सूने विकसित केलेल्या व्हीए रचनेत विद्युतदाब नसताना रेणू उभेच असतात. त्यामुळे काळा रंग गडद मिळतो, मात्र गडद छटा बदलताना रेणू रेंगाळतात आणि हलत्या वस्तूमागे सावली ओढली जाते. थंडीत द्रव अधिक घट्ट होतो, त्यामुळे हा दोष वाढतो.

खेळणाऱ्याला हे का जाणवते? सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्राला 16.7 मिलिसेकंद मिळतात. 144 चित्रे असतील तर 7 पेक्षाही कमी. रेणूंना वळायला त्याहून जास्त वेळ लागला, तर जुने चित्र पुसण्याआधीच नवे येते. खोक्यावरचा ‘1 मिलिसेकंद’ हा आकडा बहुधा सर्वांत अनुकूल बदलासाठी मोजलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

1987 मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कार्बनी संयुगांच्या पातळ थरांतून प्रकाश मिळवला. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझला की पूर्ण काळा होतो. नळीची चपळाई येथे परत येते. पण ठिपके वापराने झिजतात. खेळाचा गुणफलक तासन्‌तास एकाच जागी राहिला, तर त्याची खूण कायमची उमटू शकते.

निवड चुकली तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना होता. या कंपनीने 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचे इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधील चित्रनलिकांचे कारखाने घेतले. तेव्हा नळीचे संच स्वस्त होते आणि जगात तेच अधिक खपत होते. पण द्रवस्फटिकाचे कारखाने दर पिढीत काचेचा अधिक मोठा तक्ता हाताळू लागले, एका तक्त्यातून अधिक पडदे निघू लागले आणि किंमत उतरत गेली. 2008च्या सुमारास द्रवस्फटिकाने नळीला मागे टाकले. युरोपातील ते कारखाने काही वर्षांत बंद पडले. 2018 मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यामागे इतर कारणेही होती, पण नळीवरचा भरवसा हे त्यांतील एक.

विद्यार्थ्याला मग काय सांगावे? चपळ खेळ आणि खिशाला कात्री, तर टीएन. खेळ, चित्रकला आणि अभ्यास एकाच पडद्यावर करायचे, तर आयपीएस. आजचे आयपीएस पडदे पुरेसे वेगवान आहेत. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहायचे, तर व्हीए. पैसे असतील आणि स्थिर चित्र फार वेळ ठेवायचे नसेल, तर ओएलईडी. शिवाय माहितीपत्रकात चालवण्याचे कमाल तापमान पाहावे. ते बहुतेक वेळा 40 अंश असते, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात मॉनिटर पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये.

वर्गात एक प्रयोग अवश्य करा. साधा कॅल्क्युलेटर चालू करा, त्यावर ध्रुवक पट्टी किंवा पोलरॉइड चष्म्याची काच धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात सारा पडदा काळा होईल. का, ते विद्यार्थ्यांना आधी शोधू द्या.