सहा गाठींची बाराबंदी

काष्टीचा आठवडे बाजार बैलांसाठी नावाजलेला. पण १९ फेब्रुवारीची शिवजयंती जवळ आली की आमच्या श्रीगोंदा तालुक्यात कपड्यांच्या दुकानांच्या दाराशी ‘मावळा ड्रेस’ लटकू लागतात. चमकत्या सॅटिनची बंडी, समोर शोभेपुरते चार बंद, आत वेल्क्रो, कडेला सोनेरी लेस. मिरवणुकीत पोरं घामानं डबडबतात. ‘शिवकालीन’ म्हणून खपणाऱ्या या पोशाखाचं कूळ काढायला बसलं की दोन घराणी निघतात, एक मागावरचं आणि दुसरं रंगमंचावरचं.

मागावरच्या घराण्यातला मूळ पुरुष म्हणजे बाराबंदी. बारा बंदांच्या सहा जोड्या. एक पाखा दुसऱ्यावर ओढून घ्यायचा, काही गाठी आत, काही बाहेर. बटण नाही, काज नाही. अंग भरलं किंवा उतरलं तरी अंगरखा तोच, गाठ तेवढी पुढे-मागे.

तिची बेतणी ठरवली ती शिंप्यानं नव्हे, विणकराच्या हातानं. जुन्या खड्डामागावर धोटा एका हातानं फेकून दुसऱ्या हातानं झेलावा लागे. हात पोचेल तेवढाच पन्हा. दोरीच्या झटक्यानं पळणारा धोटा इंग्लंडच्या जॉन के यानं १७३३ साली काढला, आपल्याकडे तो रुळायला विसावं शतक उजाडलं. नगरमध्येच चर्चिल नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं सुधारित हातमाग बनवला होता. पण तोवर कापड अरुंद, म्हणून ते वाकडंतिकडं कापणं परवडणारं नव्हतं. पाठ, पाखे, बाह्या सगळ्या सरळ पट्ट्या. घेर हवा तिथं तिरक्या कळ्या जोडायच्या. बाही सरळच, मग हात वर कसा जाणार? त्यासाठी काखेत एक छोटा चौकोनी तुकडा, चौबगला. हा बोटभर तुकडाच साऱ्या अंगरख्याचं मर्म आहे. तो असला की कुदळ मारताना किंवा तलवार उगारताना शिवण तटतट तुटत नाही.

ही अक्कल आपलीच असं मात्र म्हणू नये. १९२१ साली पुरातत्त्वज्ञ पोल नॉर्लुंड यांनी ग्रीनलंडमधल्या हेरयोल्फस्नेसच्या दफनभूमीतून बर्फात टिकलेले मध्ययुगीन लोकरी अंगरखे बाहेर काढले. त्यांनाही कळ्याच. युरोपातले हौशी लोक मध्ययुग उभं करताना त्यांवरूनच पोशाख बेततात, कापडसुद्धा घरी विणतात. आपलं सुती कापड पावसाळ्यानं आणि कसरीनं खाल्लं. राहिली ती मुख्यतः चित्रं.

आणि चित्रं वेगळंच सांगतात. इटालियन प्रवासी मनुचीसाठी मीर महंमदानं काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र पॅरिसला आहे, गोवळकोंडा शैलीतली काही हॉलंडला गेली. त्यांतला राजवेश म्हणजे जामा, कमरेला पटका, डोक्यावर पगडी. बाराबंदी कष्टकऱ्याची, जामा दरबाराचा. तालुक्यातल्याच पेडगावला, भीमेकाठच्या बहादूरगडावर, १६८९ साली कैद केलेल्या संभाजीराजांची धिंड निघाली तेव्हा मोगलांनी त्यांना मुद्दाम विदूषकाचा वेश घातला. कपड्यानं मान द्यायचा आणि कपड्यानंच तो काढायचा, हे त्या काळाला पुरतं ठाऊक होतं.

रंगमंचाचं घराणं अलीकडचं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, पुढे भालजी पेंढारकरांचे चित्रपट आले, १९८५ मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं ‘जाणता राजा’. माझ्या मते आपल्या डोळ्यांत बसलेला मावळा या वाटेनं आला. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत चमक पोचावी लागते, म्हणून जरी, मखमल आणि भडक रंग. त्यांनी ते जाणून केलं, त्यात दोष नाही. दोष आपला, की आपण ती सोंगाची वस्त्रं इतिहास म्हणून पोरांच्या अंगावर चढवली. नक्षीचंही तसंच. पैठणीच्या पदरावरची वेलबुट्टी सुईनं भरलेली नसते, ती विणीतच येते. एकेका रंगाचा आडवा धागा शेजारच्यात अडकवत विणकर बोटाबोटानं पुढे सरकतो. इस्त्रीनं चिकटवलेली लेस तिची कोणीच लागत नाही.

बाराबंदी अजून जिवंत पाहायची तर संक्रांतीला सोलापूरला जावं. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे भक्त पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. नंदीध्वजाची उंच काठी कमरेवर तोलायची म्हणजे अंगात मोकळेपणा हवा. तिथं ती वेश म्हणून नव्हे, कामाचा कपडा म्हणून शोभते.

तेव्हा शिवजयंती मंडळांना विनंती एवढीच. यंदा सॅटिनचे पन्नास संच घेण्यापेक्षा हातमागाच्या जाड सुती कापडाच्या दहाच बाराबंद्या शिवून घ्या. शिंप्याला निक्षून सांगा, बाही गोल कापू नको, चौबगला घाल, बंद कापडाचेच कर आणि वेल्क्रो घरी ठेव. दहा वर्षं टिकतील, आणि पोरांना घामही कमी येईल.