मैफल आणि घड्याळ

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यासारख्या वस्तीत राहणाऱ्या एखाद्या संगीतप्रेमी गृहस्थास शंभर वर्षांपूर्वी मोठ्या गवयाची मैफल ऐकावयाची, तर गाडीत बसून इंदूर, नागपूर किंवा मुंबई गाठावी लागे. गवई गाईल तेथे श्रोत्याने जावे, हाच जगाचा रिवाज होता. तबकड्या निघाल्या होत्या खऱ्या. पण तीन-चार मिनिटांच्या तबकडीस मैफल कोण म्हणेल? हा रिवाज मोडला तो नभोवाणीने. विद्यापीठातले गायन प्रत्यक्ष चालू असतानाच घरोघर पोचावे, याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील नाताळची उपासना.

तिचा आरंभ २४ डिसेंबर १९१८ रोजी झाला. पहिले महायुद्ध संपून जेमतेम सहा आठवडे लोटले होते. कॉलेजचे नवे धर्माधिकारी एरिक मिल्नर-व्हाइट हे युद्धात सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून राहून आले होते. नित्याच्या उपासनेने दुखावलेल्या मनांचे समाधान होणार नाही, असे त्यांस वाटले आणि त्यांनी नऊ वाचने व त्यांच्यामध्ये नाताळगीते अशी योजना केली. योजना मुळात त्यांची नव्हे. १८८० साली ट्रूरो येथे एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत बिशप बेन्सन यांनी ती प्रथम अमलात आणली होती. गाणारे म्हणजे शाळकरी मुले आणि विद्यापीठाचे तरुण विद्यार्थी. १९२८ साली बी.बी.सी.ने हे गायन प्रथम प्रसारित केले आणि १९३० चा अपवाद वगळता ते दरवर्षी होत आले. दुसऱ्या महायुद्धात प्रार्थनामंदिरातील जुन्या रंगीत काचा काढून सुरक्षित जागी हलविल्या होत्या, आत शेगडीची ऊबही नव्हती, आणि शत्रूस ठिकाण कळू नये म्हणून प्रसारणात कॉलेजचे नाव घेत नसत. गाणे मात्र चुकले नाही.

हे गायन ध्वनिक्षेपकास इतके मानवले, याचे कारण उघड आहे. त्यातील प्रत्येक स्वर आधी लिहिलेला, प्रत्येक गीताची मिनिटे आधी मोजलेली. तिकडे दुपारचे तीन वाजले की कार्यक्रम सुरू व्हावयाचा, म्हणजे इकडे भारतात रात्रीचे साडेआठ. घड्याळाशी त्या संगीताचे भांडण नव्हतेच.

ख्यालाचे तसे नाही. राग केव्हा खुलेल हे गवयासही ठाऊक नसते. अशा संगीतास शाळेची शिस्त लावण्याचे काम ज्यांनी हाती घेतले, ते पंडित विष्णु नारायण भातखंडे वाळकेश्वरचे, व्यवसायाने वकील. १९१६ साली बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. पुढे दिल्ली, काशी आणि लखनौ येथे परिषदा भरल्या. दिवसा विद्वानांची चर्चा आणि मग कलावंतांचे गायन-वादन, असा त्यांचा थाट असे. राष्ट्रीय संगीत अकादमी काही उभी राहिली नाही. परंतु १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज निघाले. पूर्वी उस्तादाच्या कंठातच राहणाऱ्या चिजा स्वरलिपीत छापल्या जाऊन वर्गात शिकविल्या जाऊ लागल्या. याच सुमारास, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईस नभोवाणी केंद्र सुरू झाले. लखनौचे केंद्र १९३८ मध्ये निघाले. शाळा आणि नभोवाणी शेजारी येऊन बसल्या, आणि दोघींच्याही भिंतीवर घड्याळ होते.

त्यांची खरी गाठ पडली ती १९५२ साली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. स्वतः संगीताचे जाणकार आणि मताचे ठाम. चित्रपटगीतांवर त्यांनी असा काही वचक बसविला की श्रोते सरळ सिलोनकडे वळले. हा त्यांचा अंदाज चुकला, हे १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली यावरून दिसतेच. मात्र शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकीर्दीत, १९५२ साली सुरू झाला आणि १९५४ पासून आकाशवाणीचे वार्षिक संगीत संमेलन भरू लागले. समोर निमंत्रित श्रोते आणि दूरवर लक्षावधी अदृश्य श्रोते, ही किंग्ज कॉलेजचीच तऱ्हा.

पण कोणी गावे? त्यासाठी कलावंतांची चाचणी घेऊन प्रतवारी लावावयाची ठरले, आणि परीक्षक मंडळाच्या प्रमुखपदी आले भातखंड्यांचे शिष्य व लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. पिढीजात विद्या असलेल्या कलावंतांस हे सहन होईना. ज्यांच्या घराण्यांतून चिजा गोळा करून पुस्तके झाली, त्यांचीच त्या पुस्तकांच्या विद्येने परीक्षा घ्यावी! निषेध झाला, बहिष्कारही पडला. रातंजनकरांवर यात थोडा अन्यायच झाला. ते निव्वळ पुस्तकी पंडित नव्हते. बडोद्यास फैयाझखाँसाहेबांची तालीम त्यांस लाभली होती. तरीही कलावंतांची तक्रार खोटी होती असे म्हणवत नाही. दूरच्या श्रोत्यापर्यंत पोचण्याचा रस्ता आता एका खोलीतून जात होता आणि त्या खोलीची किल्ली शाळेकडे होती.

१९५६ च्या ऑक्टोबरात खैरागडच्या राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. अकाली वारलेल्या राजकन्येचे नाव त्याला दिले आहे. पुढल्याच वर्षी रातंजनकर तेथे कुलगुरू म्हणून गेले. बुऱ्हाणपूर आणि खैरागड तेव्हा एकाच मध्य प्रदेशाची दोन टोके होती. खैरागड आता छत्तीसगडात आहे. लोधीपुऱ्यातील रसिकास तेथे जाण्यासाठी सारा विदर्भ ओलांडावा लागे. मात्र घरी रेडिओ असला तर शनिवारी रात्री दीड तास राष्ट्रीय कार्यक्रमातील गवई त्याच्या ओसरीवर येई, आणि राग रंगात आला असतानाच, वेळ संपली म्हणून निघूनही जाई.

आज त्याच ओसरीवर, हातातल्या मोबाइलवर केंब्रिजचे नाताळगीत चित्रासह येऊ शकते. २०२० साली साथीमुळे किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात एकही श्रोता नव्हता. त्या वर्षीचे गायन आधीच मुद्रित करून ठेवले होते, आणि २४ डिसेंबरला, नेहमीच्या वेळी, तेच जगभर ऐकविण्यात आले.