डाव्या कोपऱ्यातले बटण

गेल्या वर्षी मी नवा संगणक घेतला. त्यात विंडोज ११ होते. यंत्र सुरू झाल्यावर मी पहिले काम केले ते असे : पडद्याच्या तळपट्टीवर मध्यभागी आलेले स्टार्ट बटण सेटिंगमध्ये जाऊन डाव्या कोपऱ्यात नेले. मग अक्षरे मोठी केली, पार्श्वभूमी साधी निळी केली आणि गावांच्या नावांचे फोल्डर जुन्या यंत्रावर होते त्याच क्रमाने लावले. शेजारी बसलेला भाचा हसला. म्हणाला, "मामा, मग नवीन घेतलंत कशाला? जुनंच करून ठेवलंत की!"

मी संगणकाचा जाणकार नव्हे. तालुक्याच्या इतिहासाची कागदपत्रे शोधणे, वाचणे आणि उतरवून काढणे हे माझे काम. संगणक मी त्यासाठी पडतझडत शिकलो. पण भाच्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. नव्या यंत्राला जुने रूप देण्याची ही खोड माझी एकट्याची आहे की तिलाही काही इतिहास आहे? शोधू लागलो तेव्हा धागा दीडशे वर्षे मागे गेला.

१८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने शोल्स आणि ग्लिडन यांचा टाइपरायटर बाजारात आणला. ही कंपनी शिलाई यंत्रेही बनवत असे. त्यामुळे सुरुवातीचा टाइपरायटर शिलाई यंत्रासारख्याच स्टँडवर बसवलेला होता. त्याच्यावर फुलांची नक्षी होती आणि ओळ संपली की पायाने पट्टी दाबून कागदाची गाडी मागे आणायची सोय होती. पूर्वी कधी न पाहिलेले यंत्र ओळखीच्या वेषात लोकांसमोर आले.

संगणकाच्या पडद्यानेही तेच केले. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक आणला. त्याच्या पडद्यावर कचेरीतले टेबल मांडले होते : कागद, फोल्डर, आलेल्या आणि जाणाऱ्या टपालाचे ट्रे. ज्यांनी आयुष्य कचेरीत काढले त्यांना यंत्र परके वाटू नये, हा हेतू. 'डेस्कटॉप' ही कल्पना पुढे १९८४च्या मॅकिंटॉशमुळे आणि नंतर विंडोजमुळे जगभर पसरली.

येथे मला एक गोष्ट खटकली. ती कचेरी अमेरिकेतली होती. माझ्या ओळखीचे जुने दप्तर म्हणजे रुमालात बांधलेले, गाठ मारलेले गाठोडे. कानाची पिवळी फोल्डर मी प्रथम पाहिली ती पडद्यावरच. म्हणजे तिकडच्या कारकुनाला जी ओळखीची खूण होती, ती माझ्यासाठी नवी विद्या होती. ती मी घासून घासून शिकलो आणि आज तिलाच 'माझी जुनी मांडणी' म्हणतो. ओळख अशी कमवावी लागते, आणि म्हणूनच ती सहज टाकून देता येत नाही.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले आणि त्याबरोबर स्टार्ट बटण आले. ते तरी सर्वांना सहज कळले असे कोणी समजू नये. कोठे दाबायचे हे नवख्याला कळावे म्हणून तळपट्टीवर बाण सरकत येई आणि 'येथून सुरुवात करा' अशा अर्थाची सूचना दाखवी. त्याच वेळी, आधीच्या विंडोजमधला 'प्रोग्रॅम मॅनेजर'ही त्यात ठेवलेला होता. ज्याला नवे रुचत नसेल त्याला जुन्या दाराने आत जाता येत होते.

२००१च्या विंडोज एक्सपीमध्ये तळपट्टी निळी आणि बटण हिरवे झाले. पण 'क्लासिक' हा पर्याय निवडला की जुने करडे रूप परत मिळे. २००९च्या विंडोज ७मधून जुना स्टार्ट मेनू गेला. त्याच वर्षी इव्हो बेल्तचेव्ह या प्रोग्रॅमरने 'क्लासिक शेल' हे मोफत सॉफ्टवेअर लोकांना दिले. जुना मेनू परत आणणे हे त्याचे मुख्य काम. २०१२च्या विंडोज ८ने स्टार्ट बटणच काढून टाकले, तेव्हा या सॉफ्टवेअरला मोठी मागणी आली. अखेर २०१३च्या विंडोज ८.१मध्ये बटण आणि २०१५च्या विंडोज १०मध्ये मेनू परतला.

लिनक्सच्या जगातही हेच घडले. २०११ साली ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती पार वेगळ्या रूपात आली. तेव्हा अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने दुसऱ्या आवृत्तीचा कोड उचलून ती पुढे चालवली. तिला नाव दिले 'माटे', तिकडे प्यायल्या जाणाऱ्या पेयावरून. तो कोड सर्वांसाठी खुला होता, म्हणून हे शक्य झाले.

आता आपल्याकडे येतो. आमच्या गावात एक निवृत्त टंकलेखक आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कोर्टाच्या आवारात तीस वर्षे त्यांनी मराठी टाइपरायटर चालवला. मुलाने संगणक आणून दिला तेव्हा त्यावर इनस्क्रिप्ट कळफलक होता. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली ही रचना शास्त्रशुद्ध आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. आणि 'क' ज्या कळीवर मराठीत, त्याच कळीवर गुजरातीत आणि बंगालीत. पण अण्णांचा हात अडला तो ऱ्हस्व वेलांटीवर. टाइपरायटरवर दिसते तशी वेलांटी आधी आणि अक्षर नंतर; इनस्क्रिप्टमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर.

"अहो, डोक्याला कळतंय सगळं," ते मला म्हणाले, "पण बोटांना कोण सांगणार?" त्यांनी संगणक झाकून ठेवला होता.

आम्ही त्यात टाइपरायटरची कळरचना बसवून घेतली. अर्ध्या तासात अण्णांची बोटे पूर्वीसारखी पळू लागली. पुढच्या दोन वर्षांत माझ्या संग्रहातल्या जुन्या कागदांच्या कितीतरी नकला त्यांनी टाइप करून दिल्या. ती कळरचना मिळाली नसती तर तीस वर्षांचे कसब त्या कापडाखाली तसेच राहिले असते.

मात्र जुने ते सगळे राखावे, असे मी म्हणणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचे माझे काही लेख तेव्हाच्या एका फाँटमध्ये साठवलेले आहेत. आज ते उघडले तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली होती. फाँट गेला आणि मजकूर वाचेनासा झाला. अण्णांनी टाइप केलेल्या नकला मात्र कोणत्याही यंत्रावर उघडतात. कारण त्यांची बोटे वेलांटी आधी दाबत असली, तरी सॉफ्टवेअर आतल्या आत क्रम बदलून मजकूर युनिकोडमध्येच साठवते.

भाच्याला द्यायचे उत्तर मला येथे सापडले. हाताला लागणारे, डोळ्याला दिसणारे रूप ज्याचे त्याने ठरवावे. साठवण मात्र सर्वांना वाचता येईल अशीच हवी. मांडणी बदलणाऱ्याला एखादे बटण हलवणे ही किरकोळ गोष्ट वाटते. ते नव्याने शिकण्याची मजुरी मात्र वापरणाऱ्याच्या माथी पडते, आणि ती कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. म्हणून बटण कोठे आहे यापेक्षा ते हलवण्याची मुभा आहे की नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुमचं ठीक आहे मामा, पण मला बटण मध्येच आवडतं." त्याच्या संगणकावर ते मध्येच आहे.